सभागृह बंद, गॅलरी चालू

कोल्हापूर महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली पाच वर्षं शहराचा कारभार प्रशासकानं हाकला आणि शहराची चर्चा शाहू स्टेडियमच्या गॅलरीनं. दोघांपैकी कुणाचं काम जास्त चांगलं झालं, यावर मतभेद असतील. गॅलरीत निदान माणसं वेळेवर यायची.

बाहेरगावच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. कोल्हापूरकर क्रिकेट घरात बसून बघतो आणि फुटबॉल उन्हात बसून. इथले जुने संघ म्हणजे तालीम मंडळं. जिथं आधी कुस्तीचा हौदा, तिथंच पुढं फुटबॉलचे बूट वाळत पडले. पाटाकडील तालीम म्हणजे मंगळवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ म्हणजे शिवाजी पेठ, शिवाय खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी. आपण कुठल्या संघाचे हे माणसानं निवडायचं नसतं. दवाखान्यातून आईची रिक्षा कुठल्या गल्लीत वळली, त्यावर ते ठरतं. पुढं नोकरी बदलते, घर बदलतं, पक्ष तर नेता बदलेल तसा बदलतो. तालीम बदलली असं सांगणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळंच गॅलरीत बाकी सगळ्या विषयांवर मोकळेपणानं बोलता येतं. जे ठरायचं ते जन्मताच ठरलंय. उरलं ते नुसतं मत, आणि मताला इथं कुणी फार किंमत देत नाही. स्वतःच्यासुद्धा.

माझ्या पायरीवरची मंडळी ठरलेली. एक आबा, एसटीचे निवृत्त चालक. एक दाजी, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, रात्रपाळी करून थेट मॅचला येणारे. एक वकीलसाहेब, अजून ज्युनिअर, पण गॅलरीत सगळ्यांनी सिनिअर मानलेले. आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं एक पोरगं, ज्याला अमेरिकेला जायचंय. चौघांच्या तालमी वेगवेगळ्या. एकत्र का बसतात, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "सावली हितंच येती."

चर्चेची पद्धत अशी. बॉल खेळात असेपर्यंत शिव्या. बॉल बाहेर गेला की राजकारण. कुणी जखमी होऊन पडला आणि स्ट्रेचर आत आलं तर आंतरराष्ट्रीय राजकारण. हाफ टाइमला घरगुती अडचणी.

"आरं, त्यो मागं फिरलाच न्हाई मार्किंगला!"

"मागं फिरायची सवय उमेदवाराला असतीय आबा, डिफेंडरला न्हाई."

यावर वरच्या तीन पायऱ्या हसल्या, कारण विषय सगळ्यांना ठाऊक होता. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं आधी राजेश लाटकर यांना तिकीट दिलं, मग ते काढून मधुरिमाराजे छत्रपती यांना दिलं, आणि ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अर्ज मागं घेतला. मग काढून घेतलेले लाटकरच अपक्ष म्हणून काँग्रेसचे झाले. मतदानाच्या यंत्रावर उत्तरमध्ये हाताचा पंजा दिसलाच नाही. जिंकले शिवसेनेचे राजेश क्षीरसागर. दीड वर्ष झालं, पण गॅलरीत अजून कुणी सोपा पास सोडला की मागून आवाज येतो, "माघार! माघार!"

वकीलसाहेबांचं म्हणणं असं की पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ सालचा, त्याला दहावं परिशिष्ट म्हणतात, पानं भरपूर आणि परिणाम बेताचा. त्यापेक्षा कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, म्हणजे केएसएचा, खेळाडू नोंदणीचा कागद बरा. एकदा सही झाली की त्या हंगामात दुसऱ्या संघाची जर्सी अंगात घालता येत नाही. "विधानसभा केएसएकडं चालवायला द्या," हा त्यांचा ठराव. अनुमोदन दाजींचं. विरोधात कुणी नाही, कारण तेवढ्यात कॉर्नर मिळाला.

पोरग्याला एकदा आबांनी जिल्ह्याचं राजकारण शिकवायला घेतलं. २०१४ ला धनंजय महाडिक राष्ट्रवादीकडून खासदार झाले, शिवसेनेचे संजय मंडलिक पडले. २०१९ ला मंडलिक जिंकले, महाडिक पडले. तेव्हा काँग्रेसचे सतेज पाटील 'आमचं ठरलंय' म्हणत आघाडीच्या महाडिकांना सोडून समोरच्या मंडलिकांच्या मागं उभे होते. २०२२ ला महाडिक भाजपकडून राज्यसभेत गेले, आणि पडले कोण, तर शिवसेनेचे संजय पवार, तेही कोल्हापूरचेच. २०२४ ला महाडिक मंडलिकांच्या प्रचारात, सतेज पाटील मंडलिकांच्या विरोधात, आणि शाहू महाराज काँग्रेसकडून दीड लाखाहून जास्त मतांनी खासदार.

पोरगं सगळं शांतपणे ऐकून म्हणालं, "आबा, ह्ये सगळं एकाच मॅचमधलं हाय व्हय?"

शाहू महाराज केएसएचे आश्रयदातेही आहेत. म्हणजे मैदानाचे धनी आणि मतदारसंघाचे खासदार एकच. ते समोर बसलेले असले की गॅलरीतलं राजकारण आपोआप राज्य पातळीवर जातं. जिल्ह्याचा विषय महाराज उठून गेल्यावर. याला काही लोक दबाव म्हणतील. कोल्हापुरात याला रीत म्हणतात.

चषकांच्या नावांवर स्वतंत्र लेख होईल. सतेज चषक झाला, अटल चषक झाला, महापौर चषक तर जुनाच. ज्याला मैदानात बॉलला पाय लावता येत नाही त्याचं नाव चषकाला लागतं, हा इथला अलिखित नियम. बक्षीस समारंभाला व्यासपीठावर माणसं किती चढली ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. विजेत्या संघाचा कॅप्टन फोटोत कडेला सापडतो, निम्मा खांदा कापलेला. मध्ये चषकाचे दाते, त्यांच्या शेजारी दात्यांचे दाते. गेल्या डिसेंबरात फिफानं वॉशिंग्टनमध्ये विश्वचषकाचे गट जाहीर करताना शांततेचं एक नवंकोरं पारितोषिक काढलं आणि ते डोनाल्ड ट्रम्प यांच्याच गळ्यात घातलं, तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झालं म्हणे. गॅलरीत काडीचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडं अशा सत्काराच्या फ्लेक्सवर प्रायोजक म्हणूनही त्याच माणसाचं नाव असतं.

दाजींनी मात्र ती बातमी मनाला लावून घेतली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि फाउंड्रीत ऑर्डरींची भाषा बदलली. "शांतता त्याला मिळाली, आणि ओव्हरटाइम आमचा गेला," दाजी म्हणाले. एवढं नेमकं परराष्ट्र धोरण मी कुठल्या संपादकीयात वाचलेलं नाही.

आता थोडं अंगाला लागेल असं. गॅलरीत 'बाहेरच्यांचा' विषय निघाला की सगळ्या तालमींचं एकमत होतं. बाहेरच्यांनी नोकऱ्या घेतल्या, बाहेरच्यांनी हातगाड्या लावल्या, बाहेरचे एकेका खोलीत दहा-दहा राहतात. आमचा एक पायरी सोडून बसणारा मित्र या विषयावर अर्धा तास न थांबता बोलू शकतो, मधे श्वास घ्यायचा तर शिव्या देतो. त्या दिवशी तो असाच रंगात आला होता आणि त्याच्या संघाच्या नायजेरियन स्ट्रायकरनं दोघांना खांद्यावर घेऊन बॉल जाळीत मारला. मित्र उभा राहिला, टोपी हवेत गेली, आणि घसा फोडून ओरडला, "आपला पोरगा हाय त्यो! आपल्या पेठंतला!"

खाली बसल्यावर त्यानं विषय जिथं सोडला होता तिथनंच पुन्हा धरला. कुणीही काही बोललं नाही. कोल्हापूरच्या संघांतून आफ्रिकेतले खेळाडू खेळतात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. ते पेठेत भाड्यानं राहतात, तालमीच्या दारात बसतात, पोरं त्यांच्याबरोबर सेल्फी काढतात. गोल मारत असेपर्यंत ते पेठेचे. पेनल्टी चुकली की त्याच तोंडातून त्यांचा खंड, रंग आणि विमानाचं परतीचं तिकीट असं सगळं एका वाक्यात निघतं. स्थलांतराविषयीचं आपलं राष्ट्रीय धोरण याहून फार वेगळं नाही.

शेंगदाण्याची पुडी पाच-दहा रुपयांची. मावशी कागद कुठून आणतात देव जाणे. मागच्या आठवड्यात माझ्या वाट्याला जाहीरनामा आला. कुठल्या निवडणुकीचा ते कळलं नाही, कारण वरचा भाग आबांच्या पुडीत गेला होता. माझ्या भागावर तेलाच्या डागातनं वाचता येत होतं, 'कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग मार्गी लावणार'. आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणजे करूळ घाटातनं एसटी काढलेला माणूस. म्हणाले, "ही रेल्वे मी नोकरीला लागलो तवाबी येणार हुती, रिटायर झालो तवाबी येणार हुती. ती येतीयच. थांबत न्हाई यायची." मार्गाला मंजुरी आहे, सर्वेक्षण आहे, प्रत्येक अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी बातमी आहे. रूळ तेवढे नाहीत.

कोल्हापूरकराचा प्रवासाचा विषय रडण्यापासून सुरू होतो आणि बढाईवर संपतो. पुण्याची वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण आठवड्यातनं तीनच दिवस. उरलेले चार दिवस महामार्गाच्या सहापदरीकरणातनं वाट काढायची. कुठला पूल उघडा, कुठला वळवलेला, हे रोज बदलतं. आबा सांगतात की हल्ली साताऱ्यापर्यंत गाडी चालवणं म्हणजे नुसतं ड्रिबलिंग. वकीलसाहेबांची तक्रार उलटी. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं, आणि इतकी वर्षं आंदोलनात दिलेल्या घोषणा अंगावर आल्या. "आता मुंबईला जायला कारणच उरलं न्हाई. बायकू इचारती, केस तर हितंच हाय, मग बॅग कशाला भरालाईस?" न्याय दारात आला की माणसाचं काय काय जातं, हे आंदोलनाच्या निवेदनात लिहिलेलं नव्हतं.

पोरग्याला अमेरिकेला जायचंय ते शिकायला. पण जून-जुलैत विश्वचषक तिथंच, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. ४८ संघ, १०४ सामने. त्याचा हिशेब असा की व्हिसा लवकर मिळाला तर एकाच तिकिटात दोन्ही कामं. दाजींनी विचारलं, व्हिसा मिळतोय का? पोरगं म्हणालं, मुलाखतीची तारीखच मिळेना. मग त्यानंच सांगितलं की इराण आणि हैती या दोन्ही देशांचे संघ विश्वचषकाला पात्र ठरलेत, आणि दोन्ही देश ट्रम्प यांच्या प्रवेशबंदीच्या यादीत आहेत. खेळाडूंना सवलत आहे, प्रेक्षकांना नाही.

आबांना हे पटायला वेळ लागला. "म्हंजे टीमला आत सोडायचं आणि सपोर्टरला गेटावर अडवायचं?"

"व्हय आबा."

"मर्दा, ह्यो तर आपल्या फायनलचा बंदोबस्त झाला. कोल्हापूरचा पीआय गेला जणू तिकडं."

त्याच दिवशी दुसरा धक्का बसला तो कुरासावचा. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, वस्ती दीड लाखाच्या आसपास, आणि संघ विश्वचषकात. म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या इचलकरंजीच्या निम्मं. केप व्हर्डे हा दुसरा देश, तोही पात्र ठरलेला. त्याची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या घरात, म्हणजे त्याच जनगणनेतल्या कोल्हापूर शहरापेक्षा थोडी कमीच. ही आकडेवारी पोरग्यानं मोबाइलवर दाखवली आणि पायरीवर शांतता पसरली. गोल खाल्ल्यावर पसरते तसली.

दाजी म्हणाले, "मग आपुन येगळा देश मागूया की. सर्किट बेंच मिळालं न्हवं?"

विनोद चांगला आहे, पण हसून झाल्यावर तो बोचतो. ज्या देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून २-१ नं हरला आणि आशियाई चषकाच्या दारातनं परत फिरला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशानं १-० नं हरवलं. देशाची मुख्य लीग तर हंगामाच्या वेळी सुरूच झाली नाही, कारण महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला आणि पुढं काय, ते कुणी ठरवलं नव्हतं. महासंघ चालवतं कोण? प्रियरंजन दासमुन्शी वीसेक वर्षं अध्यक्ष, ते काँग्रेसचे. त्यानंतर प्रफुल्ल पटेल, ते राष्ट्रवादीचे, तेही २०२२ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयानं बाजूला करेपर्यंत. त्या गोंधळात ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारताला निलंबित केलं आणि अकरा दिवसांनी पुन्हा आत घेतलं. मग निवडणूक झाली, एका बाजूला बायचुंग भुतिया, दुसऱ्या बाजूला भाजपचे कल्याण चौबे. निकाल ३३ विरुद्ध १. चौबे स्वतः गोलकीपर होते हे मान्य. पण भुतियाला एक मत पडतं, ही मॅच कुठल्या रेफ्रीला दाखवायची? आबांचं यावरचं भाष्य छापण्याजोगं नाही. सार एवढंच की तिन्ही पक्षांना संधी देऊन झालेली आहे, आता फुटबॉलवाल्यांना द्यायला हरकत नाही.

गॅलरीनं मेसीचा विषय मात्र चघळून चघळून चोथा केला. १३ डिसेंबर २०२५ ला तो कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. लोकांनी हजारो रुपये मोजून तिकिटं काढली होती. मैदानात त्याच्याभोवती मंत्री, संत्री, त्यांचे नातलग, फोटोग्राफर यांचं असं कडं पडलं की वरून तो दिसेचना. वीस-पंचवीस मिनिटांत तो निघून गेला. खुर्च्या उडाल्या, बाटल्या उडाल्या, आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. आमच्या पायरीवरून कोलकात्याला कुणी गेलं नव्हतं, पण वेदना सगळ्यांची. "मेसी दिसला न्हाई तर न्हाई," दाजी म्हणाले, "निदान मंत्र्याच्या पाठीवर धा नंबर तरी लिवायचा."

दुसऱ्या दिवशी वानखेडेवर सगळं शिस्तीत झालं. सचिन तेंडुलकर आला, जर्सी दिली. मुख्यमंत्री फडणवीस यांनी 'महादेवा' योजनेचा कार्यक्रम केला. राज्यातनं साठ मुलंमुली निवडून त्यांना शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण, आणि डोळा २०३४ च्या विश्वचषकावर. चांगली गोष्ट आहे. फक्त गॅलरीची स्मरणशक्ती दांडगी. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, याच राज्यात एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं अभियान झालं होतं. तेव्हाही मुख्यमंत्री फडणवीसच. तेव्हा दहा लाख, आता साठ. मधल्या नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे चाळीस पोरांचं काय झालं, असं पोरगं विचारत होतं. त्याच्या शाळेलाही त्या दिवशी बॉल मिळाला होता म्हणे. बॉल अजून कपाटात आहे. किल्ली पीटीच्या मास्तरांकडं होती आणि मास्तर निवृत्त झाले.

त्या २०१७ च्या विश्वचषकातल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे या गप्पांत दर वेळी कुणीतरी आठवणीनं सांगतंच. सांगताना आवाज खाली येतो. बढाई मारायला एवढं एक नाव हक्काचं आहे आणि ते जपून वापरावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

विश्वचषकाच्या दिवसांत पेठांचं काय होतं ते २०२२ ला पाहिलंय. गल्ल्यागल्ल्यांत मेसी, रोनाल्डो, नेमार यांचे कटआउट, नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा उंच, आणि ही उंची नेत्यांनी खपवून घेतली हेच त्या स्पर्धेतलं आश्चर्य. अंतिम सामना १८ डिसेंबरला होता. त्याच दिवशी राज्यातल्या सात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदानही होतं. जिल्ह्यातली माणसं सकाळी सरपंचाला मत देऊन रात्री अर्जेंटिनाला बसली. मोजणी २० तारखेला. गुलाल दोन्हीला लागला आणि दुकानदारानं भाव दोन दिवस उतरू दिला नाही. शहरातल्या लोकांना महापालिकेचं मतदान नव्हतंच, त्यामुळं त्यांनी सगळी शक्ती मेसीवर लावली. ३-३ आणि पेनल्टीवर ४-२. पाच वर्षांत आपल्या पसंतीचा कुणी निवडून आल्याचा तेवढाच आनंद.

त्या वेळी सगळा विश्वचषक जिओसिनेमावर फुकट बघितला. मग २०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जिओवाल्यांच्याच वनतारात नेली आणि जिल्हा पेटून उठला. मूक मोर्चा निघाला, जिओवर बहिष्कार पडला, गॅलरीत एकाच हाफ टाइमला पायरीच्या पायरीनं सिम पोर्ट केली. दाजींनीही केलं. आता ते अस्वस्थ आहेत. "हत्तिणीसाठी केलं, त्यात काय वाद न्हाई. पण यंदाच्या मॅचचं रिचार्ज कितीला पडतंय त्येवढं बघ." तत्त्वाची किंमत मोजायला कोल्हापूरकर कधी मागं हटत नाही. बिल आधी बघतो एवढंच.

आता या गॅलरीचं फार कौतुक करायचीही गरज नाही. पहिली गोष्ट, 'शहराचं मत' म्हणून इथं जे बोललं जातं त्यात निम्मं शहर नसतंच. बायका अजून गॅलरीत बोटावर मोजण्याइतक्या, आणि का, ते तिथल्या शिव्या दोन मिनिटं ऐकल्या तरी समजतं. चुकून कुणी बहिणीला, मुलीला घेऊन आलं की आसपासचे चार जण एकमेकांना दटावतात, "जरा बेतानं रं." दहाव्या मिनिटाला ऑफसाइडचा निर्णय विरोधात जातो आणि बेत मोडतो.

दुसरी गोष्ट दगडाची. चुरशीच्या सामन्यानंतर समर्थक भिडलेत, दगड आणि बाटल्या फेकल्या गेल्यात, स्पर्धा थांबवाव्या लागल्यात, पोलिसांनी गुन्हे दाखल केलेत. हे एकदा-दोनदा घडलेलं नाही. जिंकलेल्या संघाचे समर्थक हरलेल्या पेठेतनं मुद्दाम मोटारसायकली फिरवतात, पुंगळ्या काढलेल्या सायलेन्सरनं. पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, तरी रस्ता तोच निवडतात.

यात नुकसान कुणाचं होतं ते आबा नेमकं सांगतात. गुन्ह्यात नाव आलेलं पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं असतं. पासपोर्टला अर्ज केला की पोलीस पडताळणीत ती केस वर येते. पोलीस भरतीला बसलं की तिथं येते. कंपनीनं चारित्र्याचा दाखला मागितला की तिथंही. मग सोडवायला नेता येतो. नेता ठाण्यात एक फोन करतो, जामीन होतो, पोराच्या घरी चहा होतो, आणि त्या दिवसापासून ते पोरगं त्याचं. बॅनर लावायला, मोर्चाला, बूथवर. केस काही मिटत नाही. ती मिटू नये यातच सोय असते. आमच्या पायरीवरचं पोरगं गेल्या हंगामात मारामारी सुरू झाली की आधी मोबाइल खिशात घालायचं आणि मागच्या गेटनं घर गाठायचं. मित्र त्याला भित्रा म्हणतात. त्याच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अजून लागलेली नाही, पण लागली तर फाइल कोरी आहे, हे त्या मित्रांपैकी किती जणांना सांगता येईल?

आता सभागृहात नवे नगरसेवक बसलेत. त्यातल्या बऱ्याच जणांचे फ्लेक्स प्रचारात स्टेडियमच्या बाहेर होते, आणि काही तर गॅलरीतच लहानाचे मोठे झालेले. त्यांना एवढंच सांगणं आहे की येत्या हंगामात चषकाला नाव देण्याआधी त्यांनी गुन्ह्यात अडकलेल्या आपापल्या पेठेतल्या पोरांची यादी काढावी, चांगला वकील द्यावा आणि त्या केसेस निकालात काढाव्यात. वकील आमच्या पायरीवर बसतो, फी माफक घेतो. फक्त हाफ टाइमलाच भेटा.

आणि वाचकांसाठी कामाची माहिती. विश्वचषक ११ जूनला सुरू होतोय. बरेचसे सामने आपल्या मध्यरात्रीनंतर आणि पहाटे आहेत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्याला त्याची कल्पना असेलच. अंतिम सामना १९ जुलैला न्यू जर्सीत आहे. आपल्याकडं तेव्हा २० तारखेचे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील आणि उजाडेल तो सोमवार. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा. आजी वारल्याचं कारण गेल्या विश्वचषकाला दिलेलं आहे, हे मात्र ध्यानात असू द्या.